हजारे ४७.६५, मानधना ४८.३८: मग मोठं कोण?

सांगलीचे दोन फलंदाज घेऊ. पहिले विजय सॅम्युएल हजारे. जन्म ११ मार्च १९१५, सांगली. कसोटी सामने ३०, धावा २१९२, सरासरी ४७.६५. दुसरी स्मृती मानधना. जन्म मुंबईतला, १८ जुलै १९९६चा; पण ती दोन वर्षांची असताना घर माधवनगरला आलं आणि तिचं क्रिकेट सांगलीत वाढलं. नोव्हेंबर २०२५मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा तिच्या नावावर ११७ एकदिवसीय सामने, ५३२२ धावा आणि ४८.३८ची सरासरी होती.

दोघांत फरक पाऊण धावेचाही नाही. मग स्मृती हजारेंपेक्षा केसभर सरस, असं म्हणायचं का? जुनी मंडळी लगेच उसळतील. हेल्मेट नव्हतं, खेळपट्ट्या उघड्या असत, समोर ऑस्ट्रेलियाचे लिंडवॉल आणि मिलर यांच्यासारखे वेगवान गोलंदाज असत, हे ते बोटांवर मोजून दाखवतील. नवी मंडळी मोबाइल काढून स्मृतीचं ५० चेंडूंतलं शतक दाखवतील. दोन्ही बाजू खरं बोलतात, तरी वाद काही सुटत नाही, कारण कोणत्या मापाने मोजायचं हेच ठरलेलं नसतं. वेगवेगळ्या काळातले खेळाडू मोजण्याच्या काही रीती आहेत आणि प्रत्येकीत कुठे ना कुठे खोट आहे. त्या या दोन सांगलीकरांवर लावून पाहू.

भागाकार सोपा, पण कशाने भागायचं?

फलंदाजीची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले बाद होण्याची संख्या. इथे भागायचं ते डावांच्या संख्येने नव्हे. हजारेंनी कसोटीत ५२ डाव खेळले, त्यांतल्या ६ डावांत ते नाबाद राहिले. म्हणजे बाद झाले ४६ वेळा. २१९२ला ४६ने भागलं की ४७.६५ येतात. डावांनी भागलं असतं तर हाच आकडा ४२च्या थोडा वर थांबला असता.

यामागचा विचार असा की नाबाद फलंदाजाचा डाव संपलेला नसतो, तो थांबवलेला असतो. अपुऱ्या डावाला पुरा मानून भागणं अन्यायाचं होईल. तळाला येऊन चार-पाच धावांवर नाबाद राहणाऱ्यांची सरासरी यामुळे फुगते, हे खरं. पण हजारे किंवा स्मृतीच्या बाबतीत ती अडचण नाही. स्मृती सलामीला येते, तिला नाबाद राहायला संधीच कमी. त्या ११७ सामन्यांत ती ११० वेळा बाद झाली होती.

म्हणजे सरासरी सांगते ती एवढीच गोष्ट: एक विकेट देण्याआधी हा फलंदाज किती धावा वसूल करतो. ही किंमत कुठल्या बाजारातली, हे ती सांगत नाही.

विकेट महाग की चेंडू?

कसोटीत पाच दिवस असतात. चेंडूंना ठरीव मर्यादा नाही, विकेटा मात्र दहाच. तिथे टंचाई विकेटची असते. हजारेंनी तीन तास खेळून ५० केल्या की पाच तास, याने सहसा फार बिघडत नाही. विकेट राखली हे महत्त्वाचं. म्हणून कसोटीत सरासरी हे बऱ्यापैकी पुरेसं माप ठरतं.

एकदिवसीय सामन्यात ५० षटकं, म्हणजे ३०० चेंडू. इथे विकेटा दहा आणि चेंडू तीनशे, दोन्हींची टंचाई. एखादीने विकेट जपली पण चेंडू खाल्ले, तर तिची सरासरी उत्तम दिसेल आणि संघ मात्र २००वर अडकेल.

भारताची माजी कर्णधार मिताली राज हिचं उदाहरण घ्या. २३२ सामने, ७८०५ धावा, सरासरी ५०.६८. सरासरी स्मृतीपेक्षा सरस आहे. पण मितालीचा वेग शंभर चेंडूंमागे सुमारे ६७ धावांचा, तर स्मृतीचा नव्वदच्या आसपासचा. हिशेब करून पाहा. मिताली एकदा बाद होईपर्यंत सरासरीने साधारण ७६ चेंडू वापरत असे, स्मृती ५४ वापरते. धावा जवळपास तेवढ्याच, पण स्मृती बावीस चेंडू शिल्लक ठेवून जाते. मागे येणाऱ्या फलंदाजांनी त्या बावीस चेंडूंवर पंधरा-सतरा धावा जरी काढल्या, तरी संघाच्या खात्यावर तो नफा आहे, आणि स्मृतीच्या सरासरीत तो कुठेच दिसत नाही.

म्हणून हजारेंचे ४७.६५ आणि स्मृतीचे ४८.३८ हे आकडे शेजारी ठेवायला छान, पण त्यांची एककं वेगळी आहेत. एक कसोटीतल्या विकेटचा भाव, दुसरा एकदिवसीय सामन्यातल्या विकेटचा. हजारे एकही एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळले नाहीत; तो प्रकारच १९७१मध्ये जन्मला. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला त्यांचं नाव आहे, ही गंमत वेगळी. आणि स्मृतीला कसोट्या मिळाल्या आहेत इतक्या थोड्या की डझनही भरत नाही. बायकांच्या कसोट्या भरवतच कोण?

हळदीच्या पट्टीवरचा भाव

मग निरनिराळ्या बाजारांतल्या भावांची तुलना करायचीच नाही का? करता येते, आणि ती कशी करायची हे सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन आलेल्या कोणालाही ठाऊक असतं.

समजा आजोबांच्या ट्रंकेत राजापुरी हळदीची जुनी पट्टी सापडली. तिच्यावरचा क्विंटलचा दर आजच्या दराशेजारी ठेवला तर हसू येईल. त्यावरून आजोबांची हळद हलकी होती असं शहाणा माणूस म्हणणार नाही. तो विचारेल, त्या दिवशी सौद्यात बाकीच्या मालाला काय भाव निघाला होता? आजोबांच्या ढिगाला सरासरीपेक्षा वर भाव लागला की खाली? किती वर? आजच्या मालालाही तोच प्रश्न विचारायचा. दोन वेगळ्या वर्षांच्या हळदीची तुलना अशीच होऊ शकते: प्रत्येकीला तिच्या तिच्या दिवसाच्या बाजारात उभं करून.

खेळातही हेच. हजारेंना त्यांच्या दिवसाच्या बाजारात उभं करा. सोबतचे भारतीय फलंदाज आणि त्यांच्या कसोटी सरासऱ्या अशा: विनू मंकड ३१.४७, दत्तू फडकर ३२.३४, मुश्ताक अली ३२.२१, हेमू अधिकारी ३१.१४, लाला अमरनाथ २४.३८. थोडे पुढच्या पिढीतले पॉली उमरीगर ४२.२२ आणि विजय मांजरेकर ३९.१२. हजारेंच्या बरोबरीने बसतात ते विजय मर्चंट, ४७.७२, रुसी मोदी ४६वर. पण या दोघांना कसोट्या मिळाल्या दहा-दहा, हजारेंना त्यांच्या तिप्पट. म्हणजे भारतीय सौद्यात हजारेंचा भाव चालू दरापेक्षा जवळजवळ दीडपट.

जागतिक बाजारात चित्र बदलतं. ब्रॅडमनचे ९९.९४ बाजूला ठेवू, तो माल कोणत्याच सौद्यात परत आला नाही. एव्हर्टन वीक्स ५८.६१, क्लाइड वॉलकॉट ५६.६८, लेन हटन ५६.६७, डेनिस कॉम्प्टन ५०.०६, नील हार्वे ४८.४१. हजारे या रांगेत आहेत, पण डोक्याला नाहीत.

आता स्मृती. भारतीय संघातल्या तिच्या बहुतेक सोबतिणींच्या एकदिवसीय सरासऱ्या तीस ते चाळिशीच्या पट्ट्यात आहेत. जगात तिच्या वर सरासरी राखणाऱ्या मोठ्या खेळाडूंत मितालीशिवाय एक म्हणजे ऑस्ट्रेलियाची मेग लॅनिंग, ५३.५१. शतकांकडे पाहू, कारण शतकं फुटकळ धावांनी जमत नाहीत. इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सची १९१ सामन्यांत ९ शतकं. मितालीची २३२ सामन्यांत ७, पण तीही बरीचशी मधल्या फळीत खेळून, हे लक्षात ठेवायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कची ११८ सामन्यांत ५, तीही सलामीला येऊन. स्मृतीची ११७ सामन्यांत १४. क्लार्कची सरासरी ४७.४९, म्हणजे स्मृतीच्या अगदी जवळ, सामनेही एकाने जास्त. तरी स्मृतीची शतकं जवळजवळ तिप्पट. लॅनिंग इथेही पुढे आहे, १०३ सामन्यांत १५.

बाजार मात्र सरकत राहतो, हे विसरू नये. क्लार्क खेळत होती तेव्हा महिलांच्या सामन्यांत २२० धावा भरपूर वाटत. आज ३००चा पाठलाग होतो. तेव्हा स्मृतीच्या वेगाचं कौतुक करताना सगळ्या बाजाराचाच वेग वाढलाय, ही वजावट करायला हवी. वजावट करूनही ती वर राहते, पण नव्वद विरुद्ध सदुसष्ट हा फरक पुरताच तिचा, असं म्हणता येणार नाही.

डाव एकट्याने ओढला तर

दुसरी एक रीत आहे: संघाच्या एकूण धावांत एकट्याचा वाटा किती? यात खेळपट्टी, हवामान, चेंडू, सगळं आपोआप वजा होतं, कारण त्याच दिवशी त्याच खेळपट्टीवर बाकीचे दहा जणही खेळलेले असतात.

या मापावर हजारे थक्क करतात. डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम, धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदूंकडून मर्चंट नाबाद २५०. ‘रेस्ट’ संघाकडून हजारेंनी दुसऱ्या डावात काढल्या ३०९, आणि संघाची धावसंख्या होती ३८७. पाचांतल्या जवळजवळ चार धावा एकट्याच्या. त्यांचे भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या धावा २१.

जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा, ब्रॅडमनच्या २०१. भारताच्या पहिल्या डावात हजारे ११६ आणि फडकर १२३. (फडकर जन्माने कोल्हापूरचे, कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातले दोघे मिलर-लिंडवॉलना सामोरे जात होते.) फॉलोऑननंतर भारत सर्वबाद २७७, त्यांत हजारेंच्या १४५, निम्म्याहून अधिक. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना भारत डावाने हरला.

१९५२, हेडिंग्ली. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद. कसोटीच्या इतिहासात इतकी वाईट सुरुवात दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही. हजारे कर्णधार. त्यांनी ५६ केल्या, फडकरांनी ६४, आणि संघ १६५पर्यंत पोचला.

स्मृतीचा असा डाव २० सप्टेंबर २०२५चा, दिल्लीतला. ऑस्ट्रेलियाने चारशेच्या वर मजल मारलेली, भारताच्या ३६९, त्यांत स्मृतीच्या ६३ चेंडूंत १२५. शतक ५० चेंडूंत, भारताकडून पुरुष किंवा महिला कोणीही केलेलं सर्वांत वेगवान एकदिवसीय शतक. वाटा साधारण एकतृतीयांश. तिचाही संघ हरला.

वाट्याच्या मापातली खोट उघड आहे. सोबती जितके कच्चे, तितका आपला वाटा मोठा. हजारेंच्या ३०९ धावांचं तेज काही अंशी उरलेल्यांच्या ७८ धावांमुळे आहे. स्मृतीच्या शेजारी शफाली वर्मा असते. जून २०२४मध्ये चेन्नई कसोटीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध स्मृतीने १४९ केल्या, शफालीने २०५, सलामीची भागी २९२ आणि भारताचा डाव ६ बाद ६०३वर घोषित. स्मृतीचा वाटा चौथाईच. म्हणून ती खेळी हेडिंग्लीच्या ५६हून कमी प्रतीची ठरत नाही. तिच्यावर भार कमी होता, इतकंच. वाटा सांगतो तो भार. कौशल्याचं ते थेट माप नव्हे.

देशांतर्गत धावांनाही असंच चिमटीत धरून पाहावं लागतं. हजारेंची प्रथम श्रेणीतली सरासरी ५८.३८, कसोटीतली ४७.६५. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली ७१.६४, कसोटीतली ४७.७२. चाळिशीच्या दशकातल्या आपल्या खेळपट्ट्यांवर धावांचे डोंगर उभे राहत. हजारे आणि गुल महंमद यांनी रणजीच्या १९४६-४७च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली, १९४८-४९च्या हंगामात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या. खेळपट्टी अशी असेल तर तिथला भाव कसोटीच्या बाजारात उतरतोच.

४१२ विरुद्ध ४९

आता सगळ्यांत कमी बोलला जाणारा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा: बाजारातला माल किती एकसारखा आहे?

दोन काल्पनिक संघ घ्या. पहिल्यातल्या पाच फलंदाजांच्या सरासऱ्या २०, २५, ३०, ३५, ४०. दुसऱ्यातल्या १०, २०, ३०, ४०, ५०. दोन्हींची मधली सरासरी ३०च. पण पहिल्या संघातले खेळाडू मध्यापासून सरासरीने ६ धावा दूर आहेत, दुसऱ्यातले १२. आता ५० सरासरीचा एक फलंदाज आणा. दुसऱ्या संघात तो वरच्या टोकाला बसतो, फार काही विशेष नाही. पहिल्या संघात तो अजब आहे, कारण तिथे सगळे एकमेकांच्या जवळ असताना हा एवढा दूर गेला. या पसाऱ्याचं नेमकं गणिती माप म्हणजे प्रमाण विचलन. खेळाडू मध्यापासून किती धावांवर आहे यापेक्षा किती पसारे दूर आहे, हे पाहणं अधिक न्यायाचं.

खेळ कोवळा असतो तेव्हा पसारा मोठा असतो. थोडे उत्तम, बरेच कच्चे. खेळ पिकला, पैसा आला, प्रशिक्षण सर्वदूर पोचलं की तळ वर येतो. उत्तम खेळाडू उत्तमच असतात, पण बाकीचे जवळ आल्यामुळे ते पूर्वीसारखे उठून दिसत नाहीत. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी हा विचार अमेरिकन बेसबॉलवर लावला होता. तिथे १९४१मध्ये टेड विल्यम्सने .४०६ची सरासरी राखली. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगमध्ये पूर्ण हंगामात .४००ला कोणी शिवलं नाही. लोक म्हणत, आता पूर्वीसारखे फलंदाज राहिले नाहीत. गूल्ड यांचं म्हणणं उलटं होतं: सगळ्यांचा दर्जा उंचावल्याने पसारा आकसला, म्हणून टोकाचे आकडे नाहीसे झाले.

महिला क्रिकेटचा पसारा एकेकाळी केवढा होता, याला १६ डिसेंबर १९९७चा मुंबईतला सामना साक्षी आहे. विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने डेन्मार्कविरुद्ध ३ बाद ४१२ केल्या. क्लार्क नाबाद २२९. सचिन तेंडुलकरच्या द्विशतकाच्या बारा वर्षं आधीचं हे एकदिवसीय द्विशतक. उत्तरात डेन्मार्क सर्वबाद ४९. त्याच वर्षी क्लार्कने ९७० धावा करून एका वर्षातल्या सर्वाधिक धावांचा विक्रम केला. तो अठ्ठावीस वर्षं टिकला आणि २०२५मध्ये स्मृतीने मोडला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका वर्षात हजाराचा टप्पा ओलांडणारी ती पहिली.

मधल्या काळात काय बदललं? भारतात २००६मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं, २०१५मध्ये वार्षिक करार सुरू झाले, २०२२मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांएवढं जाहीर झालं, २०२३मध्ये महिला प्रीमियर लीग (डब्ल्यूपीएल) आली. ऑस्ट्रेलिया-इंग्लंड याबाबत आपल्या पुढे होते. आज ४९वर आटपणारा संघ विश्वचषकात सहसा भेटत नाही. आकसलेल्या पसाऱ्यात स्मृती एवढी दूर आहे, ही गोष्ट क्लार्कच्या ९७० धावांपेक्षा मला जड वाटते.

हजारेंचा काळ? पुरुषांचं कसोटी क्रिकेट तोवर सत्तर वर्षांचं झालेलं, पण भारताचं वय जेमतेम चौदा वर्षांचं. आंतरराष्ट्रीय पसारा मध्यम, भारतीय पसारा मोठा. म्हणजे भारतीय सौद्यातला त्यांचा दीडपट भाव थोडा खाली घ्यावा लागेल. किती, यावर दोन जाणकार भांडू शकतात.

चौकट: ५७ किलो, दोन ब्राँझ, ७२ वर्षं

*गोळेश्वर (कराड, जि. सातारा) इथले खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझ जिंकले. २०२४मध्ये पॅरिसला हरयाणाच्या अमन सेहरावतने त्याच ५७ किलोत ब्राँझ मिळवलं. खाशाबा जपानच्या शोहाची इशीशी हरले आणि इशीने सुवर्ण जिंकलं. अमन जपानच्या रेई हिगुचीशी हरला आणि हिगुचीने सुवर्ण जिंकलं. वजन एक, पदक एक, हरवणारा देशही एक.*

*तरी बाजार वेगळे. २००८पासून कुस्तीत प्रत्येक वजनगटात दोन ब्राँझ दिली जातात, १९५२मध्ये एकच होतं. आज लढत सहा मिनिटांची, तेव्हा ती बरीच लांब चाले. खाशाबा लाल मातीतून मॅटवर गेले. चार वर्षं आधी लंडनला ते सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे गोळा करावे लागले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण टाकलं. उलट अमनला उपांत्य फेरीनंतर एका रात्रीत सुमारे साडेचार किलो वजन उतरवून सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागलं. त्याचा खेळ आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक देशांत पोचलेला आहे. खाशाबांकडे साधनं कमी, अमनकडे चुकीला जागा कमी.*

एकूण बेरजांवर विश्वास ठेवू नये

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा वाद दर हंगामात रंगतो. आजचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स मोठा, की साठच्या दशकातला जॉनी युनायटस? क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन, क्षणात नजर फिरवून तो पुढे धावणाऱ्या सोबत्याकडे फेकणारा खेळाडू. युनायटसच्या काळात हंगाम बारा ते चौदा सामन्यांचा होता. १९७८पासून तो सोळांचा झाला, २०२१पासून सतरांचा. वर १९७८मध्येच नियम बदलला आणि चेंडू झेलायला धावणाऱ्याला वाटेत पाच यार्डांपलीकडे अडवण्यावर बंदी आली. फेकणं सोपं झालं, सामने वाढले, आणि एकूण यार्डांचे जुने विक्रम कोसळू लागले. त्यावरून नवे खेळाडू चांगले की नाहीत, काहीच कळत नाही.

आपल्याकडेही तसंच. ५३२२ धावा २१९२हून मोठ्या आहेत म्हणणं निरर्थक. ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या दहा वर्षांत भारत एकही कसोटी खेळला नाही. आधी दौरे थोडे, मग महायुद्ध. हजारेंचं वय त्या काळात एकवीस ते एकतीस होतं. पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६, रणजी स्पर्धेतलं पहिलं त्रिशतक, या दशकातलं. ब्रेबर्नवरच्या ३०९ही याच दशकातल्या. कसोटीच्या वहीत त्यांतली एकही धाव नाही.

आणि एक बारीक गोष्ट. हजारेंचे अपयशी डाव कोणी पाहिलेले नाहीत. त्यांचं जे उरलं ते ॲडलेड, ३०९, मद्रासला फेब्रुवारी १९५२मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मिळालेला भारताचा पहिला कसोटी विजय. स्मृती चारवर बाद झाली की मिनिटात मोबाइल वाजतो आणि शेरेबाजी सुरू होते. जुन्या खेळाडूंचा उत्तम भाग आणि नव्यांचा अख्खा भाग अशी तुलना आपण नकळत करत असतो. तिची शिक्षा नेहमी नव्यांनाच होते.

माझा कौल

इतकं सगळं सांगून लेखकाने हात झटकले तर वाचक चिडेल, आणि बरोबरच करेल.

भारतीय संघातल्या स्थानावरून मोजायचं तर हजारे पुढे. त्यांच्या काळच्या भारतीय फलंदाजीचं वजन इतक्या वर्षांत इतक्या सातत्याने दुसऱ्या कोणी उचललं नाही, आणि मर्चंट यांना सामनेच मिळाले नाहीत. आपल्या प्रकारात, आपल्या काळच्या जगाच्या तुलनेत मोजायचं तर स्मृती पुढे. हजारेंच्या वर त्यांच्या काळात चार-पाच नावं निर्विवाद होती. स्मृतीच्या वर लॅनिंग आहे, आणि लॅनिंग आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाली. वेग धरला, पसाऱ्याची आकुंचलेली रुंदी धरली, तर आज खेळणाऱ्यांत तिच्या वर ठेवायला नाव शोधावं लागतं. ५००० धावांचा टप्पा महिलांमध्ये सर्वांत कमी डावांत, ११२ डावांत, तिने गाठला.

मला विचाराल तर या दोन मापांत दुसरं माप मी थोडं वर धरतो, कारण पहिलं सोबत्यांच्या कच्चेपणावरही अवलंबून आहे. बडोद्याचे जुने रसिक हे मान्य करणार नाहीत.

एक हिशेब मात्र आज करताच येत नाही. विश्वचषक उचलला तेव्हा स्मृती २९ वर्षांची होती. हजारे २९ वर्षांचे असताना त्यांच्या नावावर एकही कसोटी धाव नव्हती. लॉर्ड्सवर २२ जून १९४६ला ते पहिली कसोटी खेळले तेव्हा त्यांनी एकतिशी ओलांडली होती, आणि शेवटची कसोटी १९५३मध्ये वेस्ट इंडीजमध्ये खेळले तेव्हा अडतिशी. त्यांच्या सगळ्या २१९२ धावा या सात वर्षांतल्या, नजर आणि पाय मंदावू लागतात त्या वयातल्या. स्मृती एकतीस वर्षांची होईल ती जुलै २०२७मध्ये. तिथून पुढची सात वर्षं ती कशी खेळते, आणि त्या सात वर्षांत क्रिकेट मंडळं बायकांना किती कसोट्या देतात, यावर पुढची तुलना ठरेल.